परवाना मिळाला, आता हत्यार कोणतं घ्यायचं? बत्तीस बोअर नीट समजून घेऊ

रायफल क्लबवर अधूनमधून एखादे गृहस्थ नव्याने येतात. कधी सराफ असतात, कधी पेट्रोल पंप चालवणारे, कधी निवृत्त फौजी. परवाना नुकताच हातात आलेला असतो आणि प्रश्न एकच असतो: "रोज जवळ बाळगायला छोटं काय घेऊ?" तोवर त्यांनी यूट्यूबवर बरंच काही पाहिलेलं असतं आणि ते बहुतेक सगळं अमेरिकेतलं असतं. ९ मिलिमीटरच्या खाली काही घेऊच नका, अमुक मॉडेल तमुकपेक्षा सरस, मॅगझिनमध्ये इतक्या गोळ्या हव्यातच. यातलं फारच थोडं आपल्याकडे लागू पडतं. म्हणून हे भारतातल्या परवानाधारकासाठी, आणि परवाना घ्यावा की नाही या विचारात असलेल्यांसाठीही.

सुरुवात बोअरपासून करू. बोअर म्हणजे नळीच्या पोकळीचा व्यास, इंचाच्या अंशात सांगितलेला. बत्तीस बोअर म्हणजे ०.३२ इंच, साधारण आठ मिलिमीटर. आपल्याकडे ही निवड बरीचशी कायद्यानेच करून टाकलेली आहे. सैन्य आणि पोलीस ज्या मापाची काडतुसं वापरतात ती मापं सामान्य नागरिकाला बंद आहेत. यांना प्रोहिबिटेड बोअर, दुकानदारांच्या बोलण्यात पीबी, म्हणतात. ९ मिमी, .३८, .४५५ ही त्यातली ओळखीची नावं. नागरिकाला मोकळी असलेली मापं ती एनपीबी. हा विचार इंग्रजी अमदानीपासून चालत आला आहे: सरकारी भांडारातून काडतूस चोरीला गेलं तरी ते बाहेरच्या हत्यारात बसू नये. कायद्याने मोकळी असलेली काही मोठी मापंही आहेत, पण ती हत्यारं जुनी आणि परदेशी, किंमत अवाच्या सवा आणि काडतुसं मिळण्याची मारामार. त्यामुळे कमरेला लावायचं हत्यार म्हटलं की प्रत्यक्षात समोर येतं ते .३२, आणि त्याच्या खाली .२२ किंवा .२५.

आता इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण नवखा माणूस इथे हमखास चुकतो. 'बत्तीसची गोळी' ही एक वस्तू नाही, दोन आहेत.

रिव्हॉल्व्हरचं बत्तीस वेगळं आणि पिस्तुलाचं बत्तीस वेगळं. दोन्ही काडतुसं तळहातावर शेजारी ठेवून पाहा. रिव्हॉल्व्हरचं काडतूस लांब, गोळीसकट सव्वातीन सेंटिमीटरच्या आसपास. पितळी नळकांडं सुमारे २३ मिलिमीटरचं, पुढे शिशाची बोथट गोळी, आणि बुडाला बाहेर आलेली स्पष्ट कड. ही कड चकरीच्या, म्हणजे काडतुसं बसतात त्या फिरत्या भागाच्या, भोकावर अडकते, म्हणून काडतूस आत घसरत नाही. याचं नाव .३२ स्मिथ अँड वेसन लाँग, जन्म १८९६ चा. पिस्तुलाचं काडतूस त्याच्यासमोर बुटकं दिसतं. नळकांडं १७ मिलिमीटरचं, गोळीवर तांब्याच्या रंगाचं कवच, आणि बुडाची कड बोटाला जेमतेम लागते, कारण ते मॅगझिनमध्ये एकावर एक बसून सरकायचं असतं. हे जॉन ब्राउनिंगने तयार केलं आणि १८९९ मध्ये बेल्जियमच्या एफएन कंपनीच्या पिस्तुलाबरोबर बाजारात आणलं. .३२ एसीपी किंवा ७.६५ मिमी ब्राउनिंग ही त्याचीच नावं. एकाचं काडतूस दुसऱ्यासाठी नाही. दुकानात नुसतं "बत्तीसचे राउंड द्या" म्हणू नका, हत्यार कोणतं ते सांगा आणि डब्यावरचं नाव वाचून घ्या.

पुढचा प्रश्न ठरलेला असतो: बत्तीस पुरेसं आहे का? आकडे सरळ मांडतो. गोळीची ऊर्जा जूलमध्ये मोजतात. पोलिसांच्या ९ मिमीची ऊर्जा साधारण ४५० ते ५०० जूल. दोन्ही बत्तीसची दीडशे ते पावणेदोनशेच्या आसपास. .२५ ची त्याच्याही निम्म्याने. म्हणजे बत्तीस ९ मिमीच्या जवळपासही नाही, हे मान्यच करायला हवं. पण याच बत्तीसवर जगातल्या कित्येक पोलीस दलांनी दशकंच्या दशकं काढली आहेत. न्यूयॉर्क पोलिसांचं प्रमुखपद थिओडोर रूझवेल्ट यांच्याकडे होतं, तेव्हा १८९६ मध्ये त्यांनी आपल्या शिपायांना दिलं ते बत्तीस बोअरचं कोल्ट रिव्हॉल्व्हर. पश्चिम जर्मनीच्या पोलिसांच्या कमरेला १९७० च्या दशकापर्यंत ७.६५ मिमीचं वॉल्थर पीपी होतं. तुमच्या-आमच्या परिस्थितीत हत्यार काढायची वेळ आलीच तर ती दोन-चार मीटरवर येते आणि काही सेकंदांत संपते. तिथे १५० जूल की ४५० जूल, यापेक्षा गोळी लागली कुठे आणि मागे कोण उभं होतं, हे दोन प्रश्न फार मोठे आहेत. बत्तीसची कवचाची गोळी छोटी असली तरी आरपार जाऊ शकते. दादरच्या फुलबाजारात किंवा लक्ष्मी रोडवर मागे नेहमीच कुणीतरी असतं.

.२२ आणि .२५ बद्दल दोन वाक्यं पुरेत. .२२ ला धक्का जवळजवळ नाही, काडतूस स्वस्त, आणि शिकायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई क्रीडा स्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक जिंकलं, ते .२२ चंच पिस्तूल होतं. पण .२२ च्या काडतुसात स्फोटक मसाला बुडाच्या कडेत भरलेला असतो, मधोमध नाही, आणि अशा काडतुसांचं न उडण्याचं प्रमाण मधोमध टिकली असलेल्या काडतुसांपेक्षा जास्त असतं. क्लबवर काडतूस उडालं नाही तर आपण थांबतो, हात वर करतो, प्रशिक्षक येतात. रस्त्यावर तसं होत नाही. मनगटात अजिबात जोर नसेल, संधिवात असेल, तरच .२२ चं रिव्हॉल्व्हर विचारात घ्यावं. .२५ ला तर मला आज काहीच कारण दिसत नाही.

खरी निवड इथून सुरू होते: रिव्हॉल्व्हर की पिस्तूल?

पिस्तूल चपटं असतं, शर्टाखाली कमी दिसतं, सात-आठ गोळ्या बसतात, मॅगझिन बदललं की पुन्हा भरलेलं. दिसायलाही देखणं. पण बत्तीसची बहुतेक छोटी पिस्तुलं अशा रचनेची असतात की गोळी सुटताना वरचा सरकता भाग, म्हणजे स्लाइड, केवळ स्प्रिंगच्या ताकदीने आणि स्वतःच्या वजनाने अडून राहते. म्हणून ती स्प्रिंग कडक ठेवावी लागते. परिणाम असा की पहिली गोळी नळीत चढवण्यासाठी स्लाइड मागे खेचताना अनेकांची बोटं घसरतात. घामेजल्या हाताने तर विचारूच नका. हत्यार घेण्याआधी दुकानात ते रिकामं आहे याची खात्री करून स्लाइड सलग दहा-बारा वेळा खेचून बघा. दहाव्या वेळी हात थरथरत असेल तर ते पिस्तूल तुमचं नाही.

पिस्तुलातली दुसरी अडचण जास्त गंभीर आहे. मॅगझिन काढून ठेवलं म्हणजे पिस्तूल रिकामं झालं, असा गैरसमज फार मोठा आहे. मॅगझिन खिशात असलं तरी एक गोळी नळीच्या घरात बसलेली असू शकते, आणि अनेक पिस्तुलांत ती मॅगझिनविनाही सुटते. साफसफाई करताना घरात झालेल्या अपघातांच्या ज्या बातम्या आपण वाचतो त्यातल्या पुष्कळ या एका गोळीच्या असतात. म्हणून क्रम पक्का हवा: नळी सुरक्षित दिशेला, बोट चापाबाहेर, आधी मॅगझिन बाहेर, मग स्लाइड मागे खेचून धरायची, नळीच्या घरात डोळ्यांनी बघायचं आणि करंगळी घालूनही बघायचं. क्रम उलटा झाला, म्हणजे आधी स्लाइड खेचली आणि मग मॅगझिन काढलं, तर पुढची गोळी वर चढून बसलेली असते आणि तुम्ही मात्र निर्धास्त असता.

रिव्हॉल्व्हरमध्ये हे सगळं उघड्यावर असतं. चकरी उघडली की सहा भोकं समोर, भरलेली किती आणि रिकामी किती ते एका नजरेत कळतं. एखादं काडतूस उडालं नाही तर पुन्हा चाप ओढायचा, चकरी फिरून पुढचं काडतूस समोर येतं. स्प्रिंग कायम दाबलेली राहत नाही, त्यामुळे कपाटात सहा महिने पडून राहिलेलं रिव्हॉल्व्हरही बहुधा चालतंच. उणी बाजू म्हणजे चकरीचा फुगवटा कपड्यातून जाणवतो, गोळ्या सहाच, आणि चापाची ओढ जड. घोडा आधी मागे न चढवता थेट चाप ओढला, म्हणजे डबल अ‍ॅक्शन, तर पाच-सहा किलोंचा जोर लागतो. घोडा हाताने चढवून ओढलं तर दोन-अडीच किलोंत काम होतं. हा जड चाप शिकाऊ माणसाला नकोसा वाटतो. मला तो रोज बाळगण्याच्या हत्यारातला सर्वात मोठा गुण वाटतो, कारण घाबरलेल्या बोटाला हलका चाप देणं धोक्याचं आहे. पहिलंच हत्यार घेणाऱ्याला, महिन्यातून एखाद्या वेळीच सरावाला येणाऱ्याला, माझं उत्तर ठाम असतं: रिव्हॉल्व्हर घ्या.

दुकानात समोर काय येतं ते आता बघू. नागरिकांसाठी परदेशी हत्यारांची आयात १९८० च्या दशकातच बंद झाली, नेमबाजीच्या खेळाडूंसारखे थोडे अपवाद सोडून. त्यामुळे बाजाराचे दोन भाग पडतात. एक, भारतात बनलेली हत्यारं. दोन, बंदीच्या आधी आलेली जुनी परदेशी हत्यारं, जी परवानगी घेऊन एका परवानाधारकाकडून दुसऱ्याकडे जातात.

भारतीय रिव्हॉल्व्हर म्हणजे मुख्यतः कानपूरची स्मॉल आर्म्स फॅक्टरी. तिचं सहा गोळ्यांचं बत्तीस बोअर जुन्या वेब्ली घराण्याचं आहे. मधून मोडतं: वरची खिटी दाबली की नळी पुढे झुकते आणि चकरी वर येते. वजन ७०० ग्रॅमच्या आसपास, नळी तीन इंची. दिल्लीतल्या डिसेंबर २०१२ च्या अत्याचारानंतर जानेवारी २०१४ मध्ये याच कारखान्याने 'निर्भीक' आणलं. टायटॅनियम मिश्रधातूचं, सुमारे ५०० ग्रॅमचं, बायकांसाठी म्हणून गाजावाजा झालेलं. किंमत तेव्हा १,२२,३६० रुपये होती. एकटीने नोकरीला जाणाऱ्या ज्या मुलीच्या नावाने ते आणलं, तिला ना ती किंमत परवडणारी होती ना परवाना सहज मिळणारा. मग ईशापूरच्या रायफल फॅक्टरीने 'निडर' काढलं, .२२ चं, वजन अवघं २५० ग्रॅम, तेव्हाची किंमत सुमारे ३५ हजार. २०२१ मध्ये हे कारखाने चालवणाऱ्या आयुध निर्माणी मंडळाचे तुकडे होऊन सात सरकारी कंपन्या झाल्या. त्यातल्या कानपूरच्या कंपनीने ऑगस्ट २०२३ मध्ये 'प्रबल' आणलं, ज्याची चकरी मधून न मोडता बाजूला उघडते. खासगीत उत्तर प्रदेशातल्या हरदोई जिल्ह्यात संडीला इथे वेब्ली अँड स्कॉटचं नाव घेऊन बत्तीसची रिव्हॉल्व्हरं बनू लागली आहेत. पिस्तुलांत आयुध निर्माणीचं 'अशनी' हे नाव सर्वांच्या ओळखीचं.

बाजूला उघडणारी चकरी मला मधून मोडणाऱ्या रचनेपेक्षा पसंत आहे. मोडणाऱ्या रचनेत सगळा जोर वरच्या खिटीवर आणि खालच्या बिजागरीवर येतो, आणि वर्षं गेली की तिथे ढिलाई येते. म्हणूनच वापरलेलं हत्यार घेताना आधी तिथेच बघावं. हत्यार रिकामं करा, मालकाची परवानगी घ्या, घोडा पूर्ण मागे चढवा आणि चाप दाबून धरत, अंगठ्याने अडवून, घोडा हळू खाली येऊ द्या. चाप तसाच दाबलेला ठेवून दुसऱ्या हाताने चकरी हलवून पाहा. ती जवळजवळ स्थिर हवी. खुळखुळत असेल तर भोक नळीच्या सरळ रेषेत येत नाही आणि गोळी कडेला घासून शिशाचे कण बाजूला उडतात. सहाही भोकांना हीच परीक्षा. मग नळीतून उजेडाकडे बघा, आतल्या आट्या धारदार दिसायला हव्यात. शेवटी हत्यारावरचा क्रमांक कागदावरच्या क्रमांकाशी आकडा-आकडा जुळवा. एका आकड्याच्या फरकापायी माणसं वर्षानुवर्षं खेटे घालतात.

जुन्या परदेशी हत्यारांचा मोह मी समजू शकतो. १९०३ चं कोल्ट, वॉल्थर पीपीके, एफएनची छोटी पिस्तुलं ही घडणीने अप्रतिम आहेत. पण त्यांच्यासाठी लोक जी किंमत मोजतात ती दुर्मिळतेची असते, उपयोगाची नसते. सुटे भाग मिळत नाहीत. त्यातल्या बऱ्याच हत्यारांना, हातातून पडलं तर गोळी सुटू नये याची आजच्यासारखी सोय नाही. आजोबांकडून आलं असेल तर जरूर जपा. रोज कमरेला लावायला घेऊ नका.

वजनाबद्दल दुकानात नेहमी एकच युक्तिवाद ऐकू येतो: हलकं घ्या, दिवसभर बाळगायचंय. तो अर्धाच खरा आहे. हत्यार जितकं हलकं आणि आखूड, तितका धक्का हाताला जास्त जाणवतो, तितकी पुढची माशी आणि मागची खाच एकमेकांजवळ येतात आणि नेम धरताना केसभर चूक दहा पावलांवर वीतभर होते. मूठ इतकी छोटी की करंगळी हवेत राहते. असं हत्यार बाळगायला सुखाचं आणि चालवायला त्रासाचं असतं. मग माणूस सराव टाळू लागतो. बत्तीसच्या काडतुसाला ६००-७०० ग्रॅमचं पोलादी रिव्हॉल्व्हर अगदी जमून येतं, धक्का सौम्य, सहा गोळ्या सलग झाडल्या तरी हात दुखत नाही. दोनशे ग्रॅम वाचवण्यापेक्षा चांगला रुंद पट्टा घ्या, वजन कमरेवर नीट वाटलं जातं.

आता बाळगण्याचा कायदा. हत्यार लपवून ठेवायचं की दिसेल असं, हा अमेरिकेत राज्याराज्यांत वेगळा असलेला प्रश्न. आपल्याकडे २०१६ च्या शस्त्र नियमांनी तो निकालात काढला आहे: सार्वजनिक जागी पिस्तूल-रिव्हॉल्व्हर त्यासाठीच बनवलेल्या आणि अंगाला जोडलेल्या होल्स्टरमध्ये किंवा तशाच धारकात हवं, पूर्ण झाकलेलं हवं, आणि बाळगणाऱ्याचा त्यावर ताबा हवा. चारचौघांत काढून मिरवणं हा गुन्हा आहे. लग्नाच्या वरातीत हवेत बार काढले तर २०१९ च्या दुरुस्तीनुसार दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. जत्रा, धार्मिक मिरवणूक, सभा, शाळा-कॉलेजचं आवार इथे हत्यार न्यायचं नाही, हे परवान्याच्या अटींतच आहे. म्हणजे आषाढीला दिंडीत किंवा गणपतीच्या मिरवणुकीत जाताना ते घरीच, कुलपात. परवाना कोणत्या हद्दीपुरता आहे तेही त्यावर लिहिलेलं असतं. जिल्ह्यापुरता असेल तर सासुरवाडीला घेऊन जाता येत नाही. निवडणुकीच्या काळात हत्यार जमा करण्याचा आदेश आला तर जमा करून पावती घ्यायची.

होल्स्टर हा निवडीचा निम्मा भाग आहे आणि त्यावर लोक सर्वात कमी खर्च करतात. कडक चामड्याचं किंवा घट्ट साच्याचं असावं, चाप आणि चापाभोवतीची कडी पूर्ण झाकणारं, वरून बंद असलेलं. मऊ कापडी पिशवीसारखं होल्स्टर दुमडून चापात शिरू शकतं. पँटच्या खिशात नुसतं टाकलेलं हत्यार, सोबत किल्ल्या आणि सुटे पैसे, हे मी पाहिलेलं सर्वात भीतीदायक दृश्य आहे. बायकांना सल्ला देताना पर्सचं नाव सहज घेतलं जातं. पर्स ओढली जाते, विसरली जाते, नातवंडं त्यात चॉकलेट शोधतात. साडी किंवा पंजाबी ड्रेसवर कमरेचं होल्स्टर अवघड जातं हे खरं, म्हणून फक्त हत्यारासाठी वेगळा, कुलूप होणारा कप्पा असलेली आणि अंगावर तिरकी घट्ट राहणारी बॅग हा त्यातल्या त्यात बरा मार्ग. विरारच्या लोकलला लोंबकळून जाणाऱ्याने मात्र, बाई असो वा पुरुष, हत्यार घेऊन त्या गर्दीत जाऊच नये.

पावसाळा आपल्याकडे चार महिने असतो आणि कोकणात, गोव्यात हवा बाराही महिने दमट. अंगाला लागून राहिलेल्या हत्यारावर घामाच्या मिठाने रात्रीत तांबूस ठिपके येतात. रोज संध्याकाळी रिकामं करून कोरड्या फडक्याने पुसायचं, आठवड्याला तेलाचा पातळ हात द्यायचा. पातळच, कारण जास्तीचं तेल ओघळून काडतुसाच्या टिकलीत शिरतं. चामड्याच्या पट्ट्यात काडतुसं खोवून ठेवण्याची जुनी हौस आहे. तीन-चार महिन्यांनी एक काढून पाहा: पितळेवर हिरवट, मेणासारखा थर चढलेला दिसेल. चामडं कमावताना वापरलेल्या आम्लांनी पितळ खाल्लं जातं. तो थर चकरीच्या भोकात घट्ट बसतो आणि काडतूस बाहेर येत नाही. काडतुसं डब्यात ठेवा, आणि जवळची सहा दरवर्षी सरावात झाडून नवी भरा. काडतुसांच्या बाबतीत महाराष्ट्राचं नातं जुनं आहे. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा, 'केएफ' ही त्याची खूण भारतीय काडतुसांच्या बुडावर कित्येक दशकं उमटत आली आहे, आणि आज ज्या सरकारी कंपनीकडे दारूगोळ्याचे कारखाने आहेत तिचं मुख्यालय पुण्यातच आहे. एका वेळी किती काडतुसं जवळ ठेवायची आणि वर्षाला किती घ्यायची, हे परवान्यावर लिहिलेलं असतं. सरावाची रिकामी नळकांडी आणि नोंदी जपून ठेवा, नूतनीकरणाच्या वेळी विचारतात.

सरावाला पर्याय नाही, पण रोज गोळ्या झाडायची गरजही नाही. रिव्हॉल्व्हर रिकामं करा, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा, नकली काडतुसं भरा, भक्कम भिंतीकडे तोंड करा. पुढच्या माशीजवळ, नळीच्या सपाट भागावर रुपयाचं नाणं ठेवा आणि चाप डबल अ‍ॅक्शनने सावकाश ओढा. घोडा पडला तरी नाणं पडता कामा नये. सुरुवातीला ते दर वेळी टणकन खाली पडतं. महिनाभर रोज दहा मिनिटं केलंत तर बोट मुठीपासून वेगळं काम करायला शिकतं. .२२ च्या हत्यारावर मात्र नकली काडतुसाशिवाय हा सराव करू नका, घोड्याची सुई भोकाच्या कडेवर आदळून दोन्ही खराब होतात. प्रत्यक्ष गोळीबार अधिकृत रेंजवर, प्रशिक्षकासमोरच.

परवान्याबद्दल थोडं. महाराष्ट्रात पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत आयुक्त आणि इतरत्र जिल्हादंडाधिकारी परवाना देतात. वय २१ पूर्ण हवं, सुरक्षा प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र लागतं, पोलीस चौकशी होते, आणि जिवाला किंवा मालमत्तेला धोका असल्याचं पटवून द्यावं लागतं. २०१६ च्या अखेरीस देशात सुमारे ३३ लाख ७० हजार परवाने होते, त्यात उत्तर प्रदेशात पावणेतेरा लाख आणि महाराष्ट्रात ८४ हजार. आपल्याकडे हात आखडता असतो, आणि माझ्या मते तो तसाच असावा. २०१९ पासून एका व्यक्तीला दोनच हत्यारं ठेवता येतात, वडिलोपार्जित धरून. घरात आजोबांची बारा बोअरची बंदूक असेल तर एक जागा भरली. आणि परवाना मिळत नाही म्हणून कुणी गावठी कट्टा सुचवला तर त्या माणसापासून दूर राहा. तो बाळगणं हा थेट तुरुंगाचा मार्ग आहे, शिवाय पाण्याच्या पाइपची ती नळी चालवणाऱ्याच्याच हातात फुटते.

गोळी झाडण्याचा हक्क परवान्याबरोबर मिळत नाही. स्वसंरक्षणाचा हक्क सगळ्यांनाच आहे, १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या ३४ ते ४४ या कलमांत आहे, आणि त्याची मर्यादा स्पष्ट आहे: बचावाला लागेल त्याहून जास्त इजा नाही, आणि पोलिसांकडे जायला वेळ असेल तर हा हक्क नाही. पळणाऱ्या चोराच्या पाठीत गोळी घालणं हे संरक्षण नव्हे. गाडी घासली म्हणून झालेल्या भांडणात हत्यार दाखवणं हेही नव्हे. ज्याचा राग लवकर चढतो त्याने हे हत्यार बाळगू नये, आणि हे त्याच्या घरच्यांना त्याच्यापेक्षा आधी ठाऊक असतं. त्यांना विचारा.

घरी हत्यार भिंतीला किंवा फरशीला बोल्टने पक्कं केलेल्या छोट्या तिजोरीत, काडतुसं वेगळ्या कुलपात. उशीखाली नाही, कपाटात साड्यांच्या घडीत नाही. मुलांना जागा सापडत नाही असं समजणाऱ्या घरांत ती मुलांना आधीच सापडलेली असते. आणखी एक बोलायला अवघड पण सांगायलाच हवी अशी गोष्ट. घरात कुणी खचलेलं असेल, धंद्यात बुडालं असेल, जगण्याबद्दल निराश बोलत असेल, तर त्या काळात हत्यार घरात ठेवू नका. परवानाधारक विक्रेत्याकडे किंवा पोलीस ठाण्यात रीतसर जमा करता येतं, पावती मिळते, आणि दिवस पालटले की परत आणता येतं. ते परवानाधारक तुम्ही स्वतः असाल तर घरातल्या एका माणसाला हे सांगा आणि त्याला सोबत घेऊन जमा करून या. यात परवाना जात नाही आणि कुणी कारण विचारून लाज आणत नाही.

परवान्याची मुदत आता पाच वर्षांची आहे. ज्या धोक्यासाठी हत्यार घेतलं तो बहुतेकांच्या बाबतीत त्याआधीच संपलेला असतो: दुकान मुलाकडे गेलं, रोकड ने-आण थांबली, खटला निकाली निघाला. तेव्हा नूतनीकरणाचा अर्ज भरायच्या आधी विक्रेत्याकडे चौकशी करा. चालू स्थितीतलं, स्वच्छ कागदपत्रांचं भारतीय बत्तीस बोअर रिव्हॉल्व्हर परवानगी घेऊन विकता येतं, आणि मग तिजोरीत दागिने ठेवायला जागा होते.